गावाकडची गुन्ह्याची नोंद : कशी शोधावी, कुठवर वाचावी



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात न्यायव्यवस्थेचा धडा असतो. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय, जिल्हा न्यायालय अशी उतरंड आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. मात्र घरात एखादे स्थळ सांगून आले, दुकानात नवा माणूस ठेवायचा झाला किंवा खोली भाड्याने द्यायची वेळ आली, की हमखास प्रश्न निघतो : “त्याच्यावर काही केस-बिस आहे का हो?” मग गावाकडे चार फोन होतात. एक जण म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, तिसरा म्हणतो ऐकलं होतं बुवा काहीतरी. ज्या धड्याचा इथे उपयोग व्हायचा, तो कुणाला आठवत नाही. म्हणून या अंकात हा धडा प्रत्यक्ष व्यवहारात कसा वापरावा ते पाहू.

या लेखाला एक निमित्तही घडले. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीचे लग्न ठरत होते. घर लिंबायतला, मुलगा नंदुरबार जिल्ह्यातला, नवापूर तालुक्यातला. साखरपुडा आठ दिवसांवर आला आणि मुलीच्या एका नातेवाइकाने मोबाईलवर मुलाचे नाव टाकून पाहिले. खुनाच्या प्रयत्नाच्या एका खटल्यात तेच नाव, तेच आडनाव निघाले. घरात रडारड सुरू झाली. मुलीचे वडील त्या नोंदीची छापील प्रत घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, “सर, एवढं वाचून सांगा. हे खरं असेल तर उद्याच फोन करून मोडतो.”

त्या कागदाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. तो वाचायला आम्हाला जे शिकावे लागले, ते आधी सांगणे बरे.

१. अशी एकच वही नसते

पुष्कळांना वाटते की प्रत्येक माणसाची गुन्ह्यांची एक वही सरकारकडे असते आणि ती कुठेतरी पाहायला मिळते. पोलिसांकडे अशा नोंदी असतात, परंतु त्या लोकांसाठी खुल्या नसतात. सराईत समजल्या जाणाऱ्या माणसाची जी माहिती पोलीस ठेवतात, तिला ‘हिस्ट्री शीट’ म्हणतात. हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो जाहीर करायचा नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले. मागास व दुर्बल समाजातील माणसांची नावे केवळ त्यांच्या समाजामुळे अशा कागदात जाऊ नयेत, याकडे राज्यांनी लक्ष द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले.

ही सूचना कशासाठी, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. या कायद्याखाली पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. त्यांच्या माणसांची नावे नोंदवहीत चढली, हजेरी लावण्याची सक्ती झाली. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा गेला तरी वहीतल्या नावाचा संशय पिढ्यान्‌पिढ्या टिकला. नोंद शोधायला निघण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

मग लोकांना पाहता येते ते काय? मुख्यतः तीन गोष्टी : पोलीस ठाण्यात दाखल झालेली प्रथम खबर, न्यायालयातील खटल्याची माहिती, आणि निवडणुकीच्या उमेदवाराने स्वतः दिलेले प्रतिज्ञापत्र. न्यायालयाचे कामकाज खुले असते, कोणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो, हे तत्त्व आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातच आहे. खटल्याची माहिती लोकांना मिळते ती याच तत्त्वावर.

२. आधी जिल्हा नक्की करा

गुन्ह्याची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, गुन्हा घडला तिथे होते. सुरतेत राहणाऱ्याची नोंद नंदुरबारला असू शकते, आणि नंदुरबारच्या माणसाची उधन्याला. आपल्यासारख्या दोन राज्यांत पाय असलेल्या समाजाला दोन्हीकडे पाहावे लागते. नवापूर स्थानकाच्या मधून तर दोन राज्यांची हद्दच जाते! आता फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द दुसऱ्याची असेल तर ती ‘शून्य क्रमांकाने’ नोंदून योग्य ठाण्याकडे पाठवतात. तेव्हा खरी नोंद दुसऱ्याच ठाण्यात सापडण्याची शक्यता धरून चालावे.

जुनी नोंद असेल तर जिल्ह्याचा इतिहासही पाहावा लागतो. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा म्हणून धुळे असणार, आणि १९६० च्या आधीच्या कागदांवर पश्चिम खानदेश. उच्छल-निझर पट्ट्याची गोष्ट तर आणखी गमतीची. तिथली बरीच गावे १९६० पर्यंत पश्चिम खानदेशात होती, राज्ये वेगळी झाल्यावर ती सुरत जिल्ह्यात आली आणि २००७ मध्ये तापी जिल्हा झाला तेव्हा त्यात गेली. गाव जागचे हलले नाही, पण आजोबा, वडील आणि नातू यांचे कागद तीन जिल्ह्यांच्या नावांनी निघतात.

३. प्रथम खबर

गुन्ह्याची पहिली माहिती पोलीस लिहून घेतात, तिला प्रथम खबर म्हणतात. बोलण्यात आपण ‘एफआयआर’ म्हणतो. तिला गुन्हा रजिस्टर नंबर असतो. तो कागदावर ‘गु.र.नं.’ असा लिहितात. हा क्रमांक त्या ठाण्यापुरता आणि त्या वर्षापुरता असतो. म्हणून नुसते “गु.र.नं. ४५” सांगून भागत नाही, नवापूर ठाणे की विसरवाडी, शहादा की म्हसावद, आणि वर्ष कोणते, हेही हवे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावी. दुर्गम भागात संपर्काची अडचण असेल तर ही मुदत ४८ आणि जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत वाढू शकते. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीसारख्या भागाचा विचार केला की ही सवलत का ठेवली ते कळते. हा आदेश १५ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाला. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडून अशा खबरी पाहता येतात. गुजरात पोलिसांचेही नागरिक पोर्टल आहे.

मात्र लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांच्या खबरी तिथे ठेवत नाहीत. त्यामुळे “संकेतस्थळावर काही नाही, म्हणजे माणूस स्वच्छ” असा निष्कर्ष काढता येत नाही. पोलिसांनी तपासाअंती न्यायालयात दिलेले दोषारोपपत्रही तिथे मिळत नाही. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरवले आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रथम खबर म्हणजे कुणीतरी केलेला आरोप. बांधाच्या भांडणात दोन्ही भावांनी एकमेकांवर दिलेल्या खबरी आम्ही पाहिल्या आहेत. दोन्ही खऱ्या असतील असे नाही, दोन्ही खोट्या असतील असेही नाही.

४. न्यायालयातील खटला

खटल्याची माहिती ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी सेवेवर मिळते. संकेतस्थळ आहे, मोबाईलचे ॲपही आहे, पैसे पडत नाहीत. पायऱ्या अशा :

(अ) राज्य निवडा, जिल्हा निवडा, मग न्यायालयाचे संकुल निवडा. एकाच जिल्ह्यात जिल्ह्याच्या ठिकाणचे वेगळे आणि तालुक्याच्या गावचे वेगळे संकुल असते. नंदुरबारला पाहिले आणि शहाद्याला पाहायचे राहिले, असे सहज होते.

(आ) शोध कशाने घ्यायचा ते ठरवा. पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक, गु.र.नं., वकिलाचे नाव असे पर्याय आहेत. गु.र.नं. ठाऊक असेल तर तो मार्ग सर्वांत भरवशाचा. नावाने शोधाल तर वर्ष द्यावे लागते, म्हणजे दहा वर्षे पाहायची तर दहा वेळा शोधावे लागते. शाळेतली मुले कंटाळतात ती इथेच.

(इ) ‘प्रलंबित’, ‘निकाली’ आणि ‘दोन्ही’ असे तीन पर्याय असतात. नेहमी ‘दोन्ही’ निवडा. नुसते प्रलंबित पाहिले तर संपलेला खटला दिसत नाही, आणि माणूस सुटला की त्याला शिक्षा झाली हेही कळत नाही.

(ई) सापडलेल्या खटल्याचा सी.एन.आर. क्रमांक लिहून घ्या. तो सोळा अक्षर-अंकांचा असतो : दोन अक्षरे राज्याची, दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा अंक, खटल्याचा क्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष. देशभरात तो क्रमांक एकाच खटल्याचा असतो. पुढच्या वेळी तेवढा टाकला की पुरे.

फौजदारी खटल्यात पहिले नाव राज्याचे असते : ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक’. अमुक हा आरोपी. पण एखाद्या दिवाणी दाव्यात, जमिनीच्या किंवा वारसाच्या अर्जातही माणसाचे नाव येते. नाव दिसले म्हणजे तो आरोपीच, असे नव्हे. खटल्याचा प्रकार पाहावा. महाराष्ट्रात ‘आर.सी.सी.’ म्हणजे नियमित फौजदारी खटला, ‘एस.सी.सी.’ म्हणजे किरकोळ गुन्ह्याचा संक्षिप्त खटला. गंभीर गुन्ह्यांचा ‘सेशन्स केस’ हा वेगळा प्रकार असतो.

५. नावाचा घोळ

खानदेशात एका गावात एकाच नावाचे तीन पाटील निघतात. नंदुरबार भागात वळवी, वसावे, गावीत, पाडवी ही आडनावे घरोघरी आहेत. शिवाय संगणकात नावे इंग्रजीत भरलेली असतात. ‘वळवी’ कुणी ‘व्ही’ने सुरू करतो, कुणी ‘डब्ल्यू’ने. ‘गावीत’चेही तसेच. गुजरातच्या नोंदीत नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडलेले असते. तिकडचा रमेश इकडे रमेशभाई होतो. म्हणून प्रत्येक नाव तीन-चार प्रकारे लिहून पाहावे.

नाव जुळले की खूण पटवावी. वडिलांचे नाव, वय आणि गाव या तीन गोष्टी जुळल्याशिवाय “हाच तो” असे म्हणू नये, हा आम्ही आमच्यापुरता घातलेला नियम आहे.

६. कलमाचा आकडा वाचताना

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी कलमे, नंतरच्या गुन्ह्याला नवी. कागदावर ‘भा.दं.वि.’ किंवा ‘भा.दं.सं.’ असेल तर जुना कायदा, ‘भा.न्या.सं.’ असेल तर नवा. काही आकडे लिहून ठेवा :

खून : जुने ३०२, नवे १०३
खुनाचा प्रयत्न : जुने ३०७, नवे १०९
चोरी : जुने ३७९, नवे ३०३
फसवणूक : जुने ४२०, नवे ३१८
विवाहितेचा छळ : जुने ४९८-अ, नवे ८५

सिनेमांनी आपल्या डोक्यात ‘तीनशे दोन म्हणजे खून’ असे पक्के बसवले आहे. नव्या संहितेत कलम ३०२ हे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याबद्दल आहे. आकडा पाहून घाबरण्याआधी कायदा कोणता ते पाहा.

७. शेवटचे पान

आता या धड्याचा गाभा. नोंद सापडली की बहुतेक लोक तिथेच थांबतात. खरे वाचन तिथून सुरू होते, कारण प्रत्येक प्रकरणाला शेवट असतो आणि तो शेवट वेगवेगळा असतो.

काही प्रकरणे पोलिसांच्या तपासातच संपतात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत तेव्हा ‘समरी’ मागतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ‘ए समरी’. फिर्यादच द्वेषाने केलेली खोटी निघाली, तर ‘बी समरी’. गैरसमजातून आलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची निघाली, तर ‘सी समरी’. ज्याच्यावरची फिर्याद बी समरीत गेली, त्याला गुन्हेगार म्हणणे हा अन्यायच आहे.

खटला चालला तर शेवटी हे शब्द दिसतात. ‘दोषमुक्त’ म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आरोपीला आधीच मोकळे केले. ‘निर्दोष मुक्तता’ म्हणजे खटला चालला, पण आरोप सिद्ध झाला नाही. ‘तडजोड’ म्हणजे कायद्याने परवानगी दिलेल्या प्रकारात दोन्ही बाजूंनी मिटवले. ‘दोषसिद्धी’ म्हणजे आरोप सिद्ध झाला. त्यानंतरही अपील असते. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा वरचे न्यायालय रद्द करू शकते. नंदुरबारची अपिले पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, सुरतेची अहमदाबादला गुजरात उच्च न्यायालयात. तिथली नोंद पाहिल्याशिवाय शेवटचे पान वाचले असे होत नाही.

‘कबुली’ हा शब्द मात्र आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा. दारूबंदी, जुगार, किरकोळ मारामारी अशा खटल्यांत पुष्कळ जण तारखा चुकवायला गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि घरी येऊन सांगतात, “पावती फाडली, सुटलो.” तो सुटलेला नसतो. कबुली देऊन दंड भरणे ही कायद्याने दोषसिद्धीच आहे. नोकरीच्या अर्जात “तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?” असे विचारले तर त्याचे उत्तर ‘होय’ असते.

‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पडताळणीच्या अर्जात दिलेली माहिती खरी असलीच पाहिजे. गुन्हा अगदी किरकोळ असेल तर नेमणूक करणारा तो सोडून देऊ शकतो. पण जाणूनबुजून लपवल्याचे निघाले, तर ते लपवणेच नोकरी जायला कारण होऊ शकते. तेव्हा कबुली देण्यापूर्वी वकिलाला विचारावे. वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असते. तिथे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाखालील कुटुंबे यांना मोफत मदत मिळते.

८. पडद्यावरचा मजकूर आणि शिक्क्याचा कागद

ई-कोर्ट्सवरची माहिती केवळ माहितीसाठी असते. निर्णय घ्यायचा तर प्रमाणित नक्कल काढावी. त्यासाठी संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा आणि फी भरायची. आपण त्या खटल्यातले पक्षकार नसू, तर नक्कल कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागते. अनेकांना वाटते की माहिती अधिकाराचा अर्ज केला की न्यायालयाचे कागद मिळतील. गुजरात उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ठरवले की न्यायालयाच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच मागाव्यात, त्यासाठी माहिती अधिकाराचा मार्ग नाही.

पोलीस खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात त्याची फी १० रुपये, गुजरातेत २० रुपये, आणि उत्तराची मुदत तीस दिवस. मात्र तपासाला बाधा येईल किंवा माहिती वैयक्तिक आहे, असे सांगून नकार येऊ शकतो. स्वतःच्या चारित्र्य पडताळणीचा दाखला मात्र ज्याचा तो मागू शकतो. स्थळाच्या बाबतीत आम्ही तर म्हणू, की चोरून शोधण्यापेक्षा समोरच्याला सरळ विचारावे, “तुम्ही तुमचा दाखला काढून देता का? आम्हीही आमचा देतो.”

उमेदवारांचे तसे नाही. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला स्वतःवरचे खटले प्रतिज्ञापत्रात लिहावेच लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी मतदाराला हा हक्क मिळाला. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. जो लोकांचे मत मागतो, त्याच्याबद्दल लोकांनी अधिक जाणून घ्यावे, हे योग्यच आहे. शेजारच्या घरातल्या मुलाला तोच न्याय लावता येत नाही.

आपले जे नातेवाईक अमेरिकेत आहेत, ते सांगतात की तिथे काउंटीच्या न्यायालयात लिपिकाकडे जाऊन कोणीही फौजदारी खटल्याचे कागद मागू शकतो. आपल्याकडे वाट एवढी सरळ नाही. पण नामसाधर्म्याचा घोळ आणि अर्धवट वाचनाचा धोका जगात सगळीकडे सारखाच आहे.

९. काय शोधू नये, काय सांगू नये

अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून काही घडले असेल तर त्याचे नाव जाहीर करणे बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे गुन्हा आहे. त्या मुलाला पुढे त्या नोंदीमुळे अपात्र ठरवता येत नाही. अतिगंभीर गुन्ह्यांचा काही अपवाद आहे. लैंगिक अत्याचारात बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे, मग ती ओळख व्हॉट्सॲपच्या गटात दोन ओळींत दिलेली का असेना.

सापडलेली नोंद ज्याला गरज आहे त्यालाच दाखवावी. समाजाच्या गटावर टाकू नये. खोटी किंवा अर्धवट गोष्ट पसरवून कुणाची अब्रू घालवणे, हा न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा गुन्हा ठरू शकतो.

१०. त्या कागदाचे काय झाले

मुलीचे वडील तो कागद घेऊन आले तेव्हा आम्ही त्यांना दोन दिवस मागितले. सी.एन.आर. क्रमांकावरून खटला उघडला. आरोपीच्या वडिलांचे नाव वेगळे, गाव शहादा तालुक्यातले, वय मुलापेक्षा सोळा वर्षांनी जास्त. तो दुसराच माणूस होता. शिवाय त्या माणसाचीही निर्दोष मुक्तता झालेली होती. छापलेल्या प्रतीत हे दुसरे पान कोणी घेतलेच नव्हते.

आम्ही तिथेच थांबलो असतो तर सगळे खूश झाले असते. पण आडनाव दुसऱ्या प्रकारे लिहून, ‘दोन्ही’ हा पर्याय निवडून पाहिले तेव्हा नवापूरच्या न्यायालयात एक एस.सी.सी. निघाला. वडिलांचे नाव तेच, गाव तेच. दारूबंदी कायद्याचे कलम ८५, मित्राच्या वरातीत दारू पिऊन घातलेला गोंधळ, कबुली, दंड. आम्ही दोघे रेल्वेने नवापूरला गेलो आणि मुलालाच सोबत घेऊन त्याच्या अर्जावर प्रमाणित नक्कल काढली. तो खरोखर चकित झाला होता. “सर, ती केस कुठे होती? दंड भरला होता ना मी,” असे तो म्हणाला. त्याच वर्षी त्याने एका सरकारी भरतीचा अर्ज भरला होता आणि शिक्षेच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले होते.

मुलीच्या वडिलांना आम्ही दोन्ही कागद दिले, मत दिले नाही. मुलगी मुलाशी स्वतः बोलली. तिने विचारले, “वरातीतलं जाऊ दे. हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?” त्याने सांगितले की हे सांगण्यासारखे असते हेच त्याला ठाऊक नव्हते. तिला ते पटले. साखरपुडा पंधरा दिवसांनी झाला. त्या भरतीत तो गुणांमुळे मागे राहिला. पुढच्या अर्जात त्याने ‘होय’ लिहिले आणि नक्कल जोडली.

ज्यांनी पहिला कागद छापून आणला होता, त्यांच्या मोबाईलवर त्या शहाद्याच्या माणसाचे नाव तोपर्यंत अकरा जणांना गेले होते. तो माणूस कोण, कुठे, त्याचे काय, हे त्या अकरा जणांपैकी कुणीही विचारले नाही. आम्ही त्या सगळ्यांना फोन करून निकालाचे पान पाठवले. आठ जणांनी उघडून पाहिले.

स्वाध्याय

१. तुमचे मूळ गाव घ्या. १९५५, १९७५ आणि आज, या तीन वेळी ते कोणत्या जिल्ह्यात होते ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

२. सन २०२५ मध्ये घडलेल्या गुन्ह्याच्या नोंदीत ‘भा.न्या.सं. ३०२’ असे लिहिले आहे. हा खुनाचा गुन्हा आहे का? कारण द्या.

३. स्वतःचे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येईल ते लिहा. त्यापैकी तुमच्या शाळेच्या दाखल्यावर कोणते आहे आणि आधार कार्डावर कोणते, ते तपासा.

४. एका माणसावर फिर्याद झाली आणि पोलिसांनी ‘बी समरी’ मागितली. शेजारी म्हणतात, “त्याच्यावर केस होती.” या वाक्यात खरे किती आणि अन्याय किती, ते आठ-दहा ओळींत लिहा.

५. पालकांसाठी : घरातील कुणी कधी किरकोळ खटल्यात दंड भरला आहे का? असल्यास त्या निकालाची प्रमाणित नक्कल घरात आहे का?

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे देऊ नये. ते घरातच ठेवावे.